उन्हाळी ग्रीस

—नाही, त्या काचेवर नको ठेवू, काच तडकली आहे. इथं, या फडक्यावर ठेव. अन् बॅग पूर्ण रिकामी कर, दीक्षा. पूर्ण! मले एकेक वस्तू डोळ्यानं पाहू दे, तुही ती यादी वाचून दाखवू नको. कोणाची यादी आहे ते? मोबाइलवरच्या त्या पोट्ट्याची? पाह्यला मी त्याचा व्हिडिओ, माह्या सुनेनं दाखवला. टोपी उलटी, गळ्यात चार पट्टे, अन् मागं बर्फ. कुठला बर्फ? मनालीचा! मागं मॅगीची टपरी दिसून राहिली होती. अंटार्क्टिकाची तयारी तो मनालीत उभा राहून शिकवते, अन् तुम्ही नागपुरात बसून शिकता. बाप्पा बाप्पा! अन् इथं हा रुपराव चाळीस वर्षं धरमपेठेत कॅमेरे उघडून बसला आहे, त्याले कोणी विचारत नाही. आता तू आली म्हणा विचाराले. पण यादी घेऊन आली.

हे काय? गरम होणाऱ्या पुड्या? किती— पन्नास? लोणचं घालतं का वं यायचं? अन् कॅमेऱ्याच्या पिशवीत घालून पिशवी बंद करतो म्हणते तो उलट्या टोपीवाला! त्या पुडीले हवा लागते, पोरी. हवा बंद झाली का पुडी थंड. दहा ठेव हातमोज्यासाठी, बाकी काढ. बॅटऱ्या किती? आठ, बरोबर आहे, हे एक बरोबर केलं. पण बॅगेत नाही ठेवायच्या, थंडीत बॅटरी बसते. आईले सांग, बनियनले आतून खिसा शिवून दे म्हणा. दोन कॅमेऱ्यात, बाकी अंगाशी, अन् मेलेली वाटली तरी फेकू नको, अंगाशी ठेव, परत जीव धरते. अन् हे तांदूळ कायले? ओल शोषाले? अरे देवा, इंजिनिअर झाली तरी तांदूळ! तांदळाची भुकटी आत जाते, मंग माह्याचकडं येता. ते निळे दाणे घे, माह्याजवळ बरणीभर आहेत. गुलाबी पडले का तव्यावर भाजायचे, पुन्हा निळे. तव्यावर— तिकडच्या स्वयंपाक्याशी दोस्ती कर आधी, लेन्सचं मंग पाहू.

अन् हे लिहून घे, हे यादीत नसन. बाहेरून आत येताना कॅमेरा बाहेरच पिशवीत बंद करायचा. बाहेर. मंग आत आणायचा, अन् तीन तास हात लावायचा नाही. कितीही खाज सुटली तरी नाही! मोह झाला, उघडला, का आत पाणीच पाणी. आपल्या इथं जुलैत पाहातो ना मी, एसीच्या हॉलातून हे लग्नवाले धावत सुटतात वरातीचे फोटो काढाले, लेन्सवर धुकं, नवरदेव भुतावाणी, अन् दुसऱ्या दिवशी माह्या दुकानात— 'काका, लेन्स खराब निघाली.' लेन्स नाही खराब निघाली बावा, तू खराब निघाला. हाव, हस. तुह्या बापालेही मी हेच सांगितलं होतं, याच टेबलावर, अठ्ठ्याण्णव साली. त्यानं वहीत लिहून घेतलं. अक्षर मोठं सुंदर नागसेनचं.

अन् या स्टीलच्या डब्यात काय आहे? चिवडा घेतला का? आण इकडं.

हे... हे कायले आणलं?

ठेव ते. झाकण लाव अन् घरी नेऊन ठेव जिथं होतं तिथं. मले माहीत आहे कोणाची लेन्स आहे ते, मले नको सांगू. नाही म्हणलं ना, नाही न्यायची. काहून म्हणजे? जुनी आहे, जड आहे, हातानं फिरवा लागते, अन् तुह्या या नव्या कॅमेऱ्यावर मधात कडं लावल्याशिवाय बसत नाही. कडंही आणलं? वा! सगळी तयारी करून आली तू. कायले पण? तुह्याजवळ ही पांढरी लेन्स आहे, ही दुसरी आहे, सरकारनं देल्ल्या आहेत, उणे चाळीसले चालतात, त्यायच्यावर लिहिलंच आहे तसं. मंग हे मढं कायले संगं?

एक फोटो. अच्छा. एक तरी फोटो या लेन्सनं काढायचा, बाबाचा जो आला नाही तो. अन् तो बाबाले आणून दाखवायचा. मोठी भावना आहे, पोरी. बर्फाले नाही समजत भावना. तुह्या बापाची भावना काय कमी होती? तू तीन-चार वर्षांची होती, तुले काय आठवते— तुमच्या वस्तीत, इंदोऱ्यात, बँड लावला होता लोकायनं. बँड! चौकात मंडप, निळ्या पताका, गल्लीतली माणसं, बाया, लेकरं, सारे, अन् नागसेन मधात नवा कोट घालून, घामानं ओला. आपल्या वस्तीतला माणूस जगाच्या बुडाशी, अंटार्क्टिकाले, जाऊन राहिला म्हणून म्हाताऱ्या बाया त्याच्या तोंडावरून हात फिरवून रडल्या. मी होतो ना तिथं. वस्तीबाहेरचा मी एकटाच, पण होतो. दोन वाट्या खीर खाल्ली. अन् चार महिन्यांनी आला परत, स्लाइडचे बावीस रोल घेऊन. धुतले. बावीसच्या बावीस पांढरे! कुठं एखादा काळा ठिपका, तो पेंग्विन म्हणायचा का दगड म्हणायचा तुम्ही ठरवा. सरकारी ऑफिसात तो फोटोग्राफर, साऱ्या मोहिमेचे फोटो त्याच्या भरोशावर, अन् हातात काय? चुन्यानं सारवलेली भिंत. बर्फ जमला नाही त्याले. साधी गोष्ट आहे. बर्फात उजेड मोजणारं मीटर फसवते, थोडा उजेड जास्त द्या लागते, तर यानं देल्ला असन चौपट. सव्वीस वर्षं झाले, जो येते त्याले मी हेच सांगतो— नागसेनले बर्फ जमला नाही.

वाईट वाटू देऊ नको. खरं ते खरं. मी काही पाठीमागं बोलत नाही, तेव्हाही तोंडावरच बोललो. त्याच्या ऑफिसात चौकशी बसली ना, नागसेन म्हणे लेन्समधे काही झालं असन, साहेब म्हणे मेकॅनिकले आणा. मेकॅनिक कोण? मी. एप्रिल महिना, चव्वेचाळीसचा पारा, मी त्यायच्याच टेबलावर लेन्स उघडझाप करून दाखवली. आत पाकळ्या असतात बारीक— हे पाह्य, इथून दिसतात— बटण दाबलं का मिटतात, उजेड अडवतात. खटाखट मिटल्या. दहा वेळा दाबलं, दहा वेळा मिटल्या. लिहून देल्लं मी— लेन्समधे दोष नाही. सही केली, शिक्का मारला दुकानाचा. अन् तो साहेब, मोठा हुशार, खुर्चीत मागं रेलून म्हणते, 'या लोकांना नोकरी देता येते हो, नजर नाही देता येत.' नागसेन समोर उभा होता. मी... मी हसलो. जोरात नाही. असंच, साहेब बोलला म्हणून हसा लागते ना माणसाले, तसं. मंग त्याले फोटोच्या कामातून काढलं अन् रेकॉर्डात टाकलं, फायली झटकाले. तिथंच रिटायर झाला. कॅमेरा त्यानं पुन्हा हातात धरला नाही म्हणतात. बघा बावा, ज्याची त्याची मर्जी.

जाऊ दे. ट्रायपॉड दाखव. चांगला आहे, कार्बनचा आहे, पण हे डोकं लोखंडी, याले सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळ, नाही त कातडी चिकटून राहीन. अन् हे फिरते ते आज खोलून ठेवतो, आतलं ग्रीस सारं काढून टाकतो, कोरडं चालवू. हो, सारं. काहून काय काहून, ग्रीस आहे ते, थंडीत थिजते, तुपावाणी. तिकडं त दगड होईन. हलणार नाही डोकं, ठोकत बसशील. कोणत्याही शहाण्या माणसानं बर्फात जायच्या आधी पहिले ग्रीस—

काय पाहून राहिली अशी?

लेन्सची गोष्ट वेगळी असते. असते म्हणजे लेन्समधेही असते ग्रीस, थोडं, नाही त कडं फिरन कसं. हो, यातही आहे. कोणी भरलं म्हणजे, मीच भरलं, दुसरा कोण भरन? साऱ्या नागपूरच्या लेन्सा मीच भरत होतो. अन् कसं भरत होतो, ते विचार! कंपनीचं ग्रीस पातळ, ते युरोपातल्या थंडीसाठी. आपल्या इथं मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्री, स्कूटरच्या डिक्कीत लेन्स ठेवली का ते पाणी होऊन वाहते, कडं ढिलं पडते, लेन्स लुळी. पुणे-मुंबईच्या मेकॅनिकायले हे कधी समजलं नाही, ते पुस्तकात पाहून भरत. मी डोकं लावलं. ट्रकच्या चाकात भरतात ना, ते जाड ग्रीस, कॉटन मार्केटजवळून आणायचं, त्यात थोडी माही कारागिरी. नागपूरचा उन्हाळा काय त्याच्या बापाचा बाप आला तरी हलत नव्हतं. अमरावती, चंद्रपूर, भंडाऱ्याहून लोक येत माह्याकडून उन्हाळी ग्रीस भरून घ्याले. हाव, तसंच नाव पडलं होतं त्याले. अन् नागसेन जाणार म्हणून त्या साली मे महिन्यात मी स्वतः त्याच्या घरून लेन्स मागून आणली. म्हणलं माहा मित्र जाऊन राहिला, त्याले जगात कुठं अडचण यायले नाही पाहिजे. दुसऱ्यायले जेवढं भरतो, त्याच्या दुप्पट भरलं. हातानं. मायेनं भरलं, दीक्षा. दोन दिवस दुसरं कोणतंच काम घेतलं नाही.

थांब ना, बोलू दे. जाड ग्रीस भरलं त पाकळ्यायले काय होते? काही होत नाही... उन्हाळ्यात त्यातलं तेल सुटते. हळूहळू सुटते, सरकते, पाकळ्यायवर जाऊन बसते, वरून दिसतही नाही. इथं गरमीत पाकळ्या तेलातही खटाखट मिटतात. अन् थंडीत... तुले इंजिनिअरिंग कोणी शिकवलं वं? फार प्रश्न विचारतं तू. थंडीत चिकटतात. बटण दाबलं का मिटतच नाहीत, उघड्याच राहतात, सारा उजेड आत. काढणाऱ्याले काही समजत नाही, त्याले डोळ्यानं त सारं बरोबर दिसते. रोल धुतल्यावर समजते. पांढरे.

मले तेव्हा माहीत नव्हतं. बुद्धाची शप्पथ घे म्हणशील त घेतो, तुमच्या बाबासाहेबाची घे म्हणशील त घेतो, लिहून देल्लं तेव्हा मले माहीत नव्हतं! मी बर्फ कुठं पाह्यला होता? मी पाह्यला फक्त रसवंतीवाल्याचा. समजलं ते दोन वर्षांनी. गोपाळराव म्हणून एक मास्तर लडाखले गेले, त्यायची लेन्सही मीच भरलेली. आले परत अन् असाच रोल टाकला माह्यापुढं, पांढरा. मी त्यायची लेन्स ठेवून घेतली. बाजूले आइस्क्रीमचं दुकान आहे, अंकितचं, तेव्हा त्याचे वडील बसत. त्यायच्या डीप फ्रीजमधे पिशवीत बांधून ठेवली ती लेन्स, सीताफळाच्या डब्याखाली. चार तासांनी काढली अन् दाबलं. नाही मिटल्या. पुन्हा दाबलं. नाही. आइस्क्रीम खाणारी लेकरं समोर उभी, अन् मी फुटपाथवर उभा राहून दाबतोच आहे, दाबतोच आहे.

मंग काय, मंग काही नाही. मास्तराची लेन्स साफ करून देल्ली, उन्हाळी ग्रीस बंद केलं, उरलेला डबा नाल्यात फेकला. नागसेनकडं? गेलो होतो ना. नाही कसा गेलो? स्कूटर काढली, इंदोऱ्यापर्यंत गेलो. तो चौकात भाजी घेऊन राहिला होता, पिशवीत मेथी, अन् रेकॉर्डातली धूळ बसलेला तो शर्ट. त्याचं लक्ष नव्हतं. मी... स्कूटर वळवली. म्हणलं उद्या येऊ. आता चौकात काय बोलायचं, घरी जाऊन निवांत बोलू, तुह्या आईच्या हातचा चहा घेऊ अन् सांगू. उद्या म्हणता म्हणता माणूस म्हातारा होते, हे मले कोणी सांगितलं नव्हतं. अन् मले लाज वाटत होती असं नको समजू, लाज वाटली असती त मी चूप तरी बसलो असतो. मी चूप बसलो का? मी उलट जास्त सांगाले लागलो. जो दुकानात येईन त्याले— नागसेनले बर्फ जमला नाही, नागसेनले बर्फ जमला नाही. पासपोर्ट फोटोवाल्यालेही सांगितलं! त्याले काय घेणंदेणं? घंटाभर आधी तुलेही सांगितलं, त्याच्या पोरीले, तोंडावर. आता म्हण, कोण नालायक आहे या धंद्यात, तो उलट्या टोपीवाला का मी?

तू लेन्सच पुसून राहिली. बापावर गेली. तोही तेव्हा साहेबापुढं हीच लेन्स पुसत उभा होता.

बरं, ऐक. ही लेन्स मी खोलतो. आज नाही होणार, दोन दिवस लागतात, एकेक पाकळी सुटी करून पेट्रोलनं धुवा लागते. कोरडी करून देतो, मंग उणे पन्नासले ने, काढ तुहा फोटो. पण बापाले सांगू नको. एवढी मेहेरबानी कर म्हाताऱ्यावर. त्याले म्हणा साफ करून घेतली, बस. आता या वयात त्याले कळून काय होणार आहे, उगीच जिवाले घोर. त्याची समजूत झाली असन का आपलंच चुकलं, तो जगला त्या समजुतीवर, आता—

काय?

कोणी पाठवलं? नागसेननं? तू स्वतः नाही आणली ही? त्यानं हातानं डब्यात ठेवून देल्ली? काय म्हणाला? नीट सांग, जसं म्हणाला तसं सांग. 'रुपरावजवळच खोलून घे, त्यानंच भरलं आहे, दुसऱ्याले जमायचं नाही.' भरलं आहे... त्याले कसं माहीत? म्हणजे त्याले माहीत आहे? केव्हापासून?

फ्रीज. तुमच्या घरी पहिला फ्रीज आला तेव्हा, दोन हजार एक साली. आईनं दुधाचं भगोनं ठेवाले उघडला, तर वर बर्फाच्या खणात ही लेन्स. हाव, चिडलीच असन. अन् त्यानं काढून दाबलं... तू पाह्यलं? तू होती तिथं? किती वेळा दाबलं? नको, नको सांगू.

म्हणजे त्याच साली. माह्याच बरोबर. म्हणजे मी चौकातून स्कूटर वळवली तेव्हा त्याले— अन् मंग आला काहून नाही तो? यायचं होतं ना! दुकानात यायचं, चप्पल काढायची, चार गिऱ्हाइकायपुढं दोन हाणायच्या, त्या साहेबापुढं मले कॉलर धरून उभं करायचं. त्याची नोकरी गेली असती का काय गेलं असतं? त्याचं फोटोचं काम परत भेटलं असतं त्याले! सोन्यासारखा हात होता त्याचा, एवढी वर्षं फायली झटकत बसला, काहून? मूर्ख माणूस! तू विचारलं नाही कधी? विचारलं. मंग? काय म्हणाला?

'तो येईन' म्हणाला?

'तो येईन, दोस्त आहे माहा. त्यानं येऊन सांगावं.' असं म्हणाला. कधी? तेव्हा. अन् मंग? दरवर्षी हेच म्हणे... अन् आता परवा पुन्हा. 'माहे गुडघे गेले, आता त्याच्यानं येणं होत नसन त तूच लेन्स घेऊन जा.' माह्यानं येणं होत नाही म्हणे. मी रोज सकाळी फुटाळा तलावाले चार चक्कर मारतो, दीक्षा. धडधाकट आहो मी.

काय पाहिजे भाऊ? पासपोर्ट फोटो? आज नाही. नाही म्हणलं ना, लाईट गेली— आहे लाईट, दिसते मले, पण बंद आहे दुकान. पुढं जा, चौकात दुसरं आहे.

तू तो पसारा नको आवरू, राहू दे तसंच. लेन्स दे इकडं. डब्यात नको, अशीच दे, हातात. घर तेच आहे ना, विहाराच्या मागं? वर चढा लागते का खालीच बसते तो? खाली. बरं. स्कूटरची किल्ली... ही काय. नाही, तू संगं येऊ नको. बस इथं, पंखा लाव, दुकान पाह्य. आली त मी रस्ताभर तुह्याशीच बोलत राहीन, अन् त्याच्यापुढं गेल्यावर माह्याजवळ काही उरणार नाही.